साठ मिलीचा फरक

आमच्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे पेशीवाल्या बाई म्हणत. बावीस वर्षं त्या एकच काम करत होत्या, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवण्याचं. बाळंतपणानंतर आयांनी संमतीने दिलेली नाळ बर्फाच्या डब्यातून यायची. बाई तिच्यातली शीर शोधायच्या, आतून धुऊन घ्यायच्या आणि सुटून आलेल्या पेशी चपट्या बाटल्यांमध्ये गुलाबी पाण्यात ठेवायच्या. त्या गुलाबी पाण्याला आम्ही ‘खाऊ’ म्हणायचो. एक दिवसाआड जुना खाऊ काढायचा, नवा घालायचा. सुट्टी असो, घरी पाहुणे असोत, पेशींना त्याचं काही नसतं. मी शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शकावर बसायचो आणि बाईंनी वाढवलेल्या पेशी तपासायचो.

बाईंचे मिस्टर शाळेची बस चालवायचे. वीस वर्षांचा जुना डायबेटिस. आधी तळपायांना मुंग्या यायच्या, मग मुंग्यांनीही नाद सोडला. एका दुपारी सगळ्या मुलांना घरी सोडून ते रिकामी बस परत आणत होते. चौकात थांबताना त्यांना खाली वाकून बघावं लागलं, पाय ब्रेकवर आहे की नाही ते. त्यांनी बस आवारात लावली, चावी ऑफिसात दिली आणि घरी आले.

“उद्यापासून मी घरीच,” ते म्हणाले.

“का हो?”

“पाय माझेच आहेत की कुणी आणून लावलेत, तेच कळत नाही.”

त्याच सुमारास आमच्याकडे कॉफीचं काम सुरू झालं. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, यांना बघायचं होतं की कॉफीच्या बीमधली काही द्रव्यं जास्त साखरेत अडकलेल्या पेशींना वाचवतात का. जास्त साखरेत या पेशींची आतून जळजळ होते आणि त्या मरायला लागतात. डायबेटिसमध्ये शिरांची जी वाट लागते, तिची सुरुवात इथून. बाईंनी घरी हे सांगितलं तेव्हा मिस्टर खूश झाले.

“म्हणजे इतकी वर्षं मी औषधच पीत होतो म्हण की.”

“तीन चमचे साखर घालून.”

“औषध कडू असतं म्हणून, अगं.”

बाई हे आम्हाला डबा खाताना सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या.

मग एकदा मिस्टरांच्या बुटात खडा गेला. संध्याकाळपर्यंत ते त्या खड्यावरून चालले. मोजा काढला तेव्हा जखम दिसली. आधी करंगळी गेली, मग गुडघ्याखालचा पाय गेला. तो घाव भरत होता, डॉक्टर समाधानी होते, आणि एका मंगळवारी सकाळी इस्पितळातच त्यांचं हृदय थांबलं.

शुक्रवारी बाई कामावर हजर. मॅडम म्हणाल्या, “बाई, अहो, एवढ्यात?”

“घरी काय करू?” बाई म्हणाल्या आणि हातमोजे चढवले.

त्या रडल्या नाहीत. आम्ही एकेक जण जाऊन दोन शब्द बोलत होतो, त्या “हो” म्हणत होत्या. डबा उघडायच्या, खायच्या, धुऊन ठेवायच्या. एक दिवस मी बघितलं, तर त्यांनी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरमधला धातूचा खण उघड्या हातांनी धरला होता आणि आत काहीतरी शोधत उभ्या होत्या. मी ओरडून खण हातातून काढून घेतला. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

“अरेच्चा,” त्या म्हणाल्या, बोटांकडे बघत. जणू ती दुसऱ्याची होती.

कॉफीचा पहिला मोठा प्रयोग त्याच दिवसांतला. पेशींचे तीन गट होते. एकाला साध्या साखरेचा खाऊ, दुसऱ्याला जास्त साखरेचा, तिसऱ्याला जास्त साखर आणि कॉफीतलं द्रव्य. सहा दिवस वाढवून मग रंग घालायचा. आतली जळजळ जितकी जास्त, तितकी पेशी हिरवी चमकते. मी बघितलं. जास्त साखरेच्या पेशी लख्ख हिरव्या. कॉफीवाल्या मात्र जवळपास अंधारात, साध्या साखरेच्या पेशींसारख्याच. मी मॅडमना बोलावलं. त्या माझ्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

“पुन्हा दाखव,” असं तीनदा म्हणाल्या. त्या आठवड्यात त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतला.

तीन आठवड्यांनी मी मॅडमच्या खोलीत आकडे दाखवत होतो. दार वाजलं. बाई आत आल्या, हातात वही.

“मॅडम, तो प्रयोग धरू नका.”

“कोणता?”

“कॉफीचा. चौथ्या दिवशी मी कॉफीवाल्या पेशींना चुकीचा खाऊ घातलाय. द्रव्य जास्त साखरेच्या बाटलीत मिसळायचं होतं, ते मी साध्या साखरेत मिसळलं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “तुम्हाला आठवतंय तसं?”

“नाही. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. आज फ्रीज आवरताना चौथ्या दिवशी उघडलेल्या खाऊच्या बाटल्या मोजल्या. वहीप्रमाणे जास्त साखरेचा खाऊ जेवढा उरायला हवा, त्यापेक्षा साठ मिली जास्त आहे. एका वेळी एका गटाला बरोबर साठ लागतो.”

“बाई, मोजताना इकडचं तिकडे होऊ शकतं. थोडं सांडलंही असेल.”

“साध्या साखरेच्या बाटलीत साठ कमी आहे. सांडून असं होत नाही.”

निबंधाची पानं टेबलावरच होती. शेवटी मॅडम म्हणाल्या, “कुणाला कळलं नसतं.”

“हो,” बाई म्हणाल्या. त्या आवाजात ना पश्चात्ताप होता ना मोठेपणा. गळका नळ दाखवावा तसं त्यांनी ते सांगितलं होतं.

“मी तुम्हाला घरी पाठवायला हवं होतं.”

“पाठवलं असतं तरी आले असते.”

सगळं पुन्हा करायचं ठरलं. तीन वेगवेगळ्या नाळांच्या पेशी, तीनदा तोच प्रयोग. या खेपेला बाईंनीच सुचवलं की बाटल्यांवर नुसते आकडे घालू, कोणती कशाची ते तपासणाऱ्याला कळायला नको. खाऊ घालताना मॅडमनी शेजारी उभं राहून लेबल मोठ्याने वाचायचं, हेही त्यांनीच ठरवलं. त्यात चार महिने गेले.

शेवटी कोणता आकडा कोणत्या गटाचा ते मॅडमनी उघड केलं. कॉफीवाल्या पेशींची चमक कमी होती, पण अंधार वगैरे काही नव्हता. पाव हिश्श्याने कमी, इतकंच. आणि द्रव्याचं प्रमाण फार वाढवलं की पेशी उलट खराब होत होत्या.

“थोडं आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण आहे.”

बाई सूक्ष्मदर्शकात डोकावल्या. “बरं,” म्हणाल्या आणि बाटल्या धुवायला निघून गेल्या.

त्यांच्या मुलीला हे कुठून तरी समजलं. ती दुसऱ्या शहरात दवाखान्यात नोंदणीचं काम करायची. तिचा फोन आला तेव्हा मी बाईंच्या शेजारीच बसलो होतो, आणि ती इतक्या जोरात बोलत होती की मला सगळं ऐकू येत होतं.

“आई, मग बाबांना आधीच ते दिलं असतं तर?”

“ते रोज चार कप पीत होते गं.”

“तसं नाही. ते नुसतं द्रव्य, साखर नसलेलं.”

“बाटलीत पेशी एकट्या असतात,” बाई म्हणाल्या. “त्यांना ना पाय, ना बूट, ना बस. बाटलीत पाव हिश्श्याचा फरक पडतो. माणसात काय होतं ते आम्हाला ठाऊक नाही.”

पलीकडे मुलगी रडायला लागली. बाई फोन कानाला धरून बसल्या. ती थांबेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मग म्हणाल्या, “जेवलीस का?”

निबंध छापून आला. त्यात बाईंचं नाव होतं, आणि त्यांच्याच आग्रहाने एक ओळ होती, की पहिला प्रयोग खाऊतल्या चुकीमुळे वगळला आहे.

त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी बर्फाचा डबा आला. बाईंनी झाकण उघडलं, आत बघितलं आणि स्टुलावर बसल्या.

“आज मला जमणार नाही,” त्या म्हणाल्या.

बावीस वर्षांत हे वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. मग त्या मोठ्याने रडायला लागल्या, हातमोजे तसेच चढवलेले. मॅडम त्यांच्याजवळ जमिनीवरच बसल्या. मी मुलीला फोन लावला. दुपारी ती आली आणि आईला सोबत घेऊन गेली.

बाईंनी अकरा दिवस रजा घेतली. पेशी मी आणि मॅडमनी सांभाळल्या. वेळेवर खाऊ घातला, सगळं वहीत लिहिलं, तरी अर्ध्याअधिक मेल्या.

बाराव्या दिवशी बाई आल्या. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. त्यांनी एक बाटली उजेडासमोर धरली, मग दुसरी, आणि माझ्याकडे बघितलं.

“खाऊ फ्रीजमधून काढून तसाच गार घातलात ना?”

मी मान खाली घातली. मॅडमही दुसरीकडे बघायला लागल्या.

“आधी कोमट करायचा असतो रे,” बाई म्हणाल्या आणि पाण्याच्या टबाचं बटण दाबलं.