फवाऱ्याची बाटली

गल्लीत न्हाव्याला सगळे रेडिओ म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. एक वेळ कात्री थांबेल, पण त्याच्या तोंडाचा पट्टा थांबायचा नाही. समोरचं गिऱ्हाईक गालभर फेस लावून मुकाट बसलेलं, त्यामुळे मैदान मोकळंच. अशा माणसाची नात शाळेत जायच्या वयाची झाली तरी तोंडातून अक्षर काढेना, आता बोला!

लेक कामावर जाताना पोरीला त्याच्या दुकानात सोडायची. पोरगी आरशाखालच्या फळीशी उभी राहून फवाऱ्याच्या बाटलीकडे टक लावायची. तो लगेच तिच्या तळहातावर पाणी उडवायचा आणि ती खुदकन हसायची. दिवसभर दोघांचा हाच उद्योग.

लेकीने दोघांना थेरपीच्या बाईंकडे नेलं. न बोलणाऱ्या मुलांना बोलतं करणं हेच त्यांचं काम. बाईंनी थोडा वेळ हा खेळ पाहिला.

"आजोबा, तिनं मागायच्या आधीच तुम्ही देऊन टाकता," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या बडबडीत तिला शिरायला जागाच नाही. बाटली हातात धरा, एकदा 'फूस' म्हणा आणि जरा थांबा."

न्हाव्याने त्यातलं 'थांबा' तेवढं उचललं. अर्धंमुर्धं काही करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने तोंडाला कुलूपच लावलं.

"रेडिओचे सेल संपले वाटतं!" गिऱ्हाइकं चेष्टा करायची. तो ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करायचा. बाटली हातात धरून नातीकडे बघत राहायचा. ती त्याचं बोट धरून बाटलीच्या खटक्यावर न्यायची, सदरा ओढायची, शेवटी भोकाड पसरायची. त्याचा जीव तीळतीळ तुटायचा, पण पोरीच्या भल्यासाठी तो काळजावर दगड ठेवून उभा. आज नाही तर उद्या बोलेल.

ती बोलली नाही. हळूहळू फळीशी येईनाशी झाली. कोपऱ्यातल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायची आणि बाकाचं फाटलेलं रेक्झिन नखाने सोलायची.

पुढच्या भेटीत हे ऐकून बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो आजोबा, जरा थांबा म्हटलं होतं मी! ती नाही बोलली तरी शेवटी पाणी उडवायचंच होतं. बोट धरून नेत होती ना तुमचं? तेच तिचं मागणं होतं."

न्हाव्याच्या पायाखालची जमीन सरकली. "मग आता?"

"पुन्हा पहिल्यापासून. वेळ लागेल."

किती, ते बाईंनाही सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी पोरगी दुकानात येऊन बाकावर बसताच त्याने खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर तसंच सोडलं आणि बाटली घेऊन तो बाकापुढे उकिडवा बसला. "फूस! बघ राणी, फूस!" त्याने तिच्या हातावर पाणी उडवलं. तिने हात फ्रॉकला पुसला. मग त्याला राहवेना. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं भडाभडा बाहेर पडलं. "चुकलो गं बाळा. नको बोलूस, कधीच नको बोलूस. नुसतं माझं बोट ओढ. एकदा ओढ गं..."

पोरीने मान वळवली. कितीतरी दिवसांनी तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग आपलं इवलंसं बोट उचललं आणि ओठांवर ठेवलं, अगदी तो गिऱ्हाइकांपुढे ठेवायचा तसं.

न्हावी गप्प झाला.