लाडकीबाईची दुपार

किस्से कोणी जमवायला बसत नाही. ते आपोआप साठतात, आमच्या शेडमध्ये चिकूचा वास साठतो तसे! डहाणूच्या या पॅकिंग शेडमध्ये मी सुपरवायझर आहे. मालक भरतशेठ. त्यांना एकच काळजी, चांगली माणसं टिकत नाहीत. तलासरीच्या कंपन्यांच्या बसेस आता थेट पाड्यावर येतात ना!

त्यातही त्यांचा जीव अडकलेला लाडकीबाईत. सायवनकडची ही बाई चिकूवर नुसता अंगठा फिरवते आणि कच्चा की तयार ते सांगते. आम्ही नखाने ओरखडे काढत बसतो, आणि तरी चुकतो.

*

जेवणानंतर अर्धा तास सगळ्याजणी चटया टाकून आडव्या होतात. समुद्राचा वारा चिकूच्या वाडीतून गाळून येतो, डोळा कधी लागतो कळतच नाही. उठल्यावर चहा, आणि चहाबरोबर जिला जे स्वप्न पडलं ते तिने सांगायचं. हा रिवाज कोणी पाडला, देव जाणे. लाडकीबाईची पाळी शेवटी.

एकदा ती म्हणाली, "वरोरच्या कोळ्यांच्या होड्या आपल्या वाडीत शिरल्या. झाडांमधून सावकाश चालल्या होत्या. आतमध्ये आपण सगळ्या झोपलेल्या."

"मग वल्हवत कोण होतं?" मी विचारलं.

"शेठ!"

*

शेठनी कुठेतरी वाचलं, कामगारांचं कौतुक करावं. झालं! लाडकीबाईचा मोठा फोटो भिंतीवर लागला, आणि कौतुक जास्तच उतू गेल्यामुळे त्यावर ताजा हारही चढला.

दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ धावत आला. दारातूनच रडवेल्या आवाजात म्हणाला, "कधी झालं?"

लाडकीबाई टेबलामागून ओरडली, "अजून नाही! जा घरी!"

*

मग मुंबईहून एक ट्रेनर आणला. मोटिव्हेशनवाला. त्याला वेळ दिली नेमकी जेवणानंतरची.

"डोळे मिटा," तो गोड आवाजात म्हणाला. "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल, ते बघा."

दोन मिनिटांत चौदाच्या चौदा जणी गाढ! मी चहा घेऊन आले तेव्हा ट्रेनरही भिंतीला टेकून घोरत होता. उठल्यावर बिचारा ओशाळला. लाडकीबाईने त्याच्या हातात कप दिला आणि विचारलं, "हां, आता सांग. काय दिसलं?"

*

एवढ्यावर थांबायचं ना! पण शेठच्या व्यापारी मित्राने त्यांचे कान भरले. झोपेमुळे काम मागे पडतं म्हणे. शेठनी इलेक्ट्रिक घंटा बसवली. जेवण झालं की दहा मिनिटांत ती कर्कश वाजायची. स्वप्नं अर्धवट तुटायला लागली, चहा मुकाट्याने संपायला लागला.

आठव्या दिवशी लाडकीबाईने चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी केली. "तलासरीला जाते, शेठ. कंपनीत. तिथे पण घंटाच आहे, पण बस तरी येते."

शेठ ऑफिसमध्ये निघून गेले. मला मात्र फार वाईट वाटलं. तिच्या खिडकीखालच्या जागेवर कोणी चटई टाकेना. आमच्या खोक्यांत कच्चे चिकू जायला लागले आणि व्यापाऱ्यांचे फोन यायला लागले.

*

महिनाभराने, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी लाडकीबाई आली. कोपऱ्यातली चटई घेतली, आपल्या जागी अंथरली आणि झोपली!

तिला बघून बाकीच्याही आडव्या झाल्या. शेठ ऑफिसमधून बाहेर आले. घंटेची वेळ झाली होती. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी हळूच वायर उपटली.

मग स्टुलावरच बसून राहिले. बाहेर वाडीत पानं हलत होती. मी दीड तासाने कुजबुजले, "शेठ, तीन वाजले."

"नीताबेन," ते तितक्याच हळू म्हणाले, "माझ्या घड्याळात अजून दीडच वाजलाय."

लाडकीबाई उठली ती उन्हं कलल्यावर. चहा घेतला. घंटेकडे पाहिलं.

"बिघडली?"

"बिघडली," शेठ म्हणाले.

"दुरुस्त कधी होणार?"

"डहाणूत मिस्त्री कुठे मिळतो, लाडकीबाई!"

तिने कप खाली ठेवला. टेबलावरच्या भरलेल्या खोक्यातला एक चिकू उचलून त्यावर अंगठा फिरवला. मग दुसरा. तिच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोणी भरलं गं?" असं म्हणत तिने पदर खोचला आणि अख्खं खोकं टेबलावर उपडं केलं.