तीन ग्रॅमची मर्यादा

आज संध्याकाळी थोरली फोनवर "बरं, आई" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती माझं असं मुकाट्याने कधीच ऐकत नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

दुसऱ्या गावी रस्त्यांच्या प्रयोगशाळेत ती डांबरी मिश्रणं ठरवते. जाड खडी एकमेकींना टेकून राहावी, फटींत डांबर, दगडाची भुकटी आणि डांबर धरून ठेवणारे बारीक तंतू बसावेत, असं प्रमाण काढते. तिचे बाबा सगळ्यांना सांगतात, "आमची कन्या डांबर शिजवते, पण चहा मात्र उतू घालवते." सुट्टीला आली की काळ्या नखांनी जेवायला बसत ती म्हणते, "बाबा, पावसात तुमची गाडी घसरत नाही ना, ती माझ्याच स्वयंपाकामुळे."

तिची एक चाचणी मी पाहिली आहे. हजार ग्रॅम गरम मिश्रण जाळीच्या टोपलीत घालून तासभर भट्टीत ठेवायचं आणि खालच्या ताटलीत ठिबकलेलं डांबर तोलायचं. तीन ग्रॅमपर्यंत चालतं.

काल मिश्रण बनवणाऱ्या कारखान्याने कळवलं, कामाची जागा लांब आहे, वाटेत थंड होऊ नये म्हणून माल जास्त तापवून पाठवू. तिने त्या तापमानाला पुन्हा चाचणी घेतली. पाच ग्रॅम ठिबकलं.

"साहेब म्हणतात, दोन ग्रॅमसाठी काम अडवतेस का? आधीच्या कमी तापमानाच्याच आकड्यावर सही कर, सकाळी सहाला गाड्या निघतील," ती संध्याकाळी फोनवर सांगत होती. "आई, डांबर वाटेतच गाडीच्या तळाशी उतरेल गं. मग रस्त्यावर कुठे नुसती खडी, कुठे नुसत्या डांबराचे गुळगुळीत डाग. वळणावर दुचाकीवाला गेलाच. तंतू वाढवून बघायला मला एकच दिवस हवाय."

मागची नोकरी तिने अशाच एका वादावरून तडकाफडकी सोडली होती. आठ महिने खिडकीशी बसून असायची, ताट तसंच परत यायचं. तेच डोळ्यांपुढे आलं आणि मी बोलून गेले, "दोनच ग्रॅम ना? करून टाक सही."

त्यावरचं ते "बरं, आई".

साहेबांशी बोलायला मी कोण? सही केली तर ती स्वतःला माफ करणार नाही, नाही केली तर पुन्हा ती खिडकी. यातलं काहीच माझ्या हातात नाही. पण माझ्या बोलण्यावर तिने सही करू नये.

रात्रीचा एक वाजून गेला. सही झालीही असेल. तरी तिला उठवते आणि सांगते, बाळा, माझं ऐकू नकोस. तिने नोकरीचं विचारलं तर काय बोलू, ते मला ठाऊक नाही. फोन मात्र लावते.