कोंबड्यासकट रॉक

सांडोरच्या आमच्या बँडने एका परदेशी रॉक बँडचा आख्खा कार्यक्रम जसाच्या तसा वाजवला होता, कोंबड्यासकट.

(त्या परदेशी बँडचं नाव सांगत नाही. ती माणसं आता म्हातारी झाली असतील, उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.)

त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आम्ही शाळेत असताना निघाली आणि आमच्यापर्यंत पोचायच्या आत बाजारातून संपलीसुद्धा. आमच्याकडे होती ती कॅसेट. इनास, म्हणजे माझा शेजारी, मित्र आणि आमच्या बँडचा गिटारवाला, वालीवच्या एका वर्कशॉपात कामाला होता. तिथे कोणीतरी कोणाकडून तरी टेप करून घेतलेली कॅसेट त्याने आणखी एकदा टेप करून आणली. वसई-विरारात रॉकचे जेवढे म्हणून भक्त होते, त्या सगळ्यांकडे हीच कॅसेट फिरत फिरत गेलेली. मूळ रेकॉर्ड कोणाच्याही दृष्टीस पडली नव्हती, त्यामुळे भक्ती जरा जास्तच होती.

ती कॅसेट आम्हाला श्वासासकट पाठ होती. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ड्रम थांबतात, हजारो माणसं बोंबलतात आणि त्या कल्लोळातून एक कोंबडा आरवतो. साधासुधा नाही. शेवटी त्याचा आवाज फाटतो आणि वर एक उचकी लागते.

"स्टेजवर कोंबडा?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"लाइव्ह आहे ना," इनास म्हणाला. "गोरे लोक काय वाट्टेल ते करतात."

आणि पुढच्या संथ गाण्यात, गिटार अगदी रडकुंडीला आलेली असताना, लांबून चर्चची घंटा ऐकू येते. तीन टोल, मग थांबून तीन, मग थांबून तीन.

या घंटेने आमच्यावर फार उपकार केले. आयला, म्हणजे माझ्या आईला, आमचं संगीत अजिबात खपत नसे. "बंद कर ते, कोंबड्या अंडी द्यायच्या राहिल्यात," असं म्हणत ती एकदा केळीच्या वाडीतून तावातावाने आली, आणि नेमकी टेपमधली घंटा झाली. आमच्याकडे संध्याकाळची घंटा झाली की हातातलं काम टाकून, असाल तिथे उभं राहून प्रार्थना म्हणायची. आयने काखेतली केळीची पानं खाली ठेवली, क्रुसाची खूण केली आणि डोळे मिटले. प्रार्थना संपल्यावर म्हणाली, "धर्मातली पोरं दिसतात. केस तेवढे वाढवलेत." त्या दिवसापासून कॅसेट घरात राजरोस लागू लागली. संथ गाणं आलं की आम्ही सगळे उभे. बाबा तर भर दुपारी जेवता जेवता, खरकटा हात तसाच धरून उभे राहत.

अशात माझ्या मोठ्या बहिणीचं, मोनिकाचं लग्न निर्मळ गावच्या लेस्टरशी ठरलं. लेस्टर ऑफिसात नोकरीला, शांत, भांग पाडणारा. पण पहिल्याच भेटीत कळलं की त्याच्याकडे ती मूळ रेकॉर्ड होती! मी बहिणीला तिथल्या तिथे देऊन टाकायला तयार झालो. मात्र रेकॉर्ड घासून घासून इतकी झिजली होती की सुई पहिल्याच गाण्यात घसरायची, आणि त्याने ती कधीच माळ्यावर टाकलेली.

मग एके दिवशी इनास सायकल अंगणात टाकून देऊन धावत आला. "विल्सन, कंपनीने ती रेकॉर्ड परत काढली! नवीन! साफ करून!"

आमचं जेवणातलं लक्ष उडालं. लेस्टरचा चुलतभाऊ बोटीवर होता, तो येताना ती रेकॉर्ड आणणार असं ठरलं. लेस्टरने जाहीर केलं की लग्नाच्या संध्याकाळी तुमच्या मांडवात, सगळ्यांच्या साक्षीने तिचं पाकीट फोडायचं. ही बातमी आगाशीपर्यंत गेली. ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नाही असे लांब केसांचे तरुण रस्त्यात थांबवून विचारू लागले, "लग्न कितीला आहे?"

तेव्हाच माझ्या डोक्यात किडा वळवळला. रेकॉर्ड लागायच्या आधी तोच कार्यक्रम आमच्या बँडने वाजवला तर? पण बाबांनी लग्नासाठी नेहमीचा पितळी बँड सांगून ठेवला होता. मी त्यांच्यामागे भुणभुण लावली.

"सगळं कॅसेटबरहुकूम वाजवू, बाबा. घंटासुद्धा."

"घंटासुद्धा?" बाबा विरघळले. मग बोट रोखून म्हणाले, "पितळी बँडला नको सांगतो. पण ऐक. मोनीच्या सासरचे सगळे येणार आहेत. त्यांच्यासमोर माझं नाक कापलं गेलं, तर तू आहेस आणि वाडीतलं शेणखत आहे. ते ड्रम मी विहिरीत टाकीन."

झालं. आता मोनिकाचं लग्न, बाबांचं नाक आणि माझे ड्रम, तिन्ही त्या कार्यक्रमावर लटकले.

घंटेचा प्रश्न सोपा होता. शेजारच्या वाडवळ नानांनी आपल्या देव्हाऱ्यातली घंटा काढून दिली. अडलं ते कोंबड्यापाशी. आयच्या खुराड्यातला कोंबडा तालमीला नेला, तर तो माइकसमोर मान वाकडी करून आमच्याकडे नुसता बघत बसला. शेवटी, त्या ठिकाणी ड्रमवाल्याचे हात आणि तोंड दोन्ही मोकळे असतात, असा शोध बाकीच्या तिघांनी एकमताने लावला. मी रोज वाडीत केळींच्या आड उभा राहून आरवू लागलो. फाटका आवाज आठवड्यात जमला, उचकीने मात्र जीव काढला. "घंटा ठेव तुझ्याकडे हवी तेवढी," नाना म्हणाले, "पण पहाटेचं आरवू नकोस. मी दोनदा फसून आंघोळ केली."

लग्नाच्या संध्याकाळी मांडवात वऱ्हाडापेक्षा रेकॉर्डचं वऱ्हाड मोठं होतं. आम्ही सुरुवात केली. तिसरं गाणं संपलं, मी काठ्या खाली ठेवल्या, माइक ओढला आणि आरवलो. उचकी अशी लागली म्हणता! लांब केसवाल्यांनी "वन्स मोअर" करून मांडव डोक्यावर घेतला. मी पुन्हा आरवलो. वरपक्षाची माणसं मात्र एकमेकांकडे बघत होती, आणि लेस्टरची आई खुर्चीवरून उठून टेबलांखाली वाकून काहीतरी शोधत होती.

मग संथ गाणं. मी नानांची घंटा वाजवली. तीन टोल, आणि आख्खा मांडव उभा राहिला. ताटं खाली, डोकी खाली, सगळीकडे शांतता. फादरांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी मनोभावे पुरी केली. मग फादरांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, नंतर मला पाहिलं. संध्याकाळची घंटा होऊन बराच वेळ झाला होता. बाबा तेवढे समाधानाने मान डोलवत होते, कारण आतापर्यंत सगळं कॅसेटबरहुकूम होतं.

कार्यक्रम संपताच लेस्टर कोटासकट स्टेजवर चढला. "विल्सन, तो कोंबडा काय प्रकार होता?"

"काय भावोजी, मस्करी करता? तिसऱ्या गाण्यातला."

"कुठल्या तिसऱ्या?" त्याने डोकं धरलं. "थांब. ऐकच तू."

नव्या रेकॉर्डचं पाकीट फुटलं. सुई टेकली. आवाज असा स्वच्छ की काय सांगू. पोरं डोळे मिटून उभी होती. तिसरं गाणं संपलं, ड्रम थांबले, हजारो माणसं ओरडली, आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला, आणि सरळ पुढचं गाणं सुरू झालं.

"कोंबडा कुठाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"कंपनीने कापला," इनास खचून म्हणाला.

संथ गाणं आलं आणि घंटेविना गेलं. आय आधीच उभी राहिली होती, ती तशीच उभी राहिली. "यांनी घंटा का काढली? देव सोडला काय?" ती म्हणाली. विरारचा एक भक्त ओरडला, "माल डुप्लिकेट आहे!" हे ऐकून बोटीवरचा चुलतभाऊ बाह्या सरसावत पुढे झाला. त्याच्यामागे निर्मळ उठलं, इकडून विरार उठलं. मोनिका रडायच्या बेतात होती. बाबांनी एकदा माझ्याकडे, एकदा ड्रमकडे आणि एकदा विहिरीच्या दिशेने पाहिलं.

तेवढ्यात लेस्टरची आई टेबलांमधून वाट काढत स्टेजजवळ आली. तिचे डोळे भरलेले होते.

"भांडू नका रे," ती म्हणाली. "तो आमचा राजा होता."

लेस्टर मटकन स्टेजच्या कडेला बसला आणि सांगू लागला. कैक वर्षांपूर्वी वालीवच्या एका दोस्तासाठी त्याने ती रेकॉर्ड टेप करून दिली होती. ओटीवर रेकॉर्ड लावलेली, समोर स्टुलावर टेपरेकॉर्डर, आणि अंगणात आईचा लाडका कोंबडा. वेळ संध्याकाळची. घंटा निर्मळच्या चर्चची.

"राजाला वेळेचं भान नव्हतं," त्याची आई म्हणाली. "कधीही आरवायचा आणि वर उचकी द्यायचा. लेस्टरला नोकरी लागली तेव्हा यांनी कापला. सगळे जेवले, मी नाही जेवले." तिने माझा हात धरला. "बाळा, अजून एकदा."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी विहिणीचे डोळे पाहिले, मग खाकरून म्हणाले, "आरव रे."

मी आरवलो. उचकीसकट. आधी हसले फादर, मग सगळा मांडव, मग मोनिका. विरारवाले आणि निर्मळवाले एकाच टेबलावर जेवायला बसले. ड्रम वाचले.

ती नवी रेकॉर्ड मोनिकाकडे आहे, अजून कोरीच्या कोरी. कोणी लावत नाही, सगळ्यांना तीच खरखरीत कॅसेट लागते. आमचा बँड पुढे मोडला, ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण निर्मळला लेस्टरकडे काही कार्य निघालं की मला अजून मानाचं बोलावणं येतं. "ड्रम आणू का?" मी दर वेळी आशेने विचारतो.

"कशाला उगीच ओझं," मोनिका म्हणते. "नुसता ये."