भाऊजींची वेगळी लाइन

तिच्या शिलाई मशीनची मोटर सुरू झाली की जिन्यात चपला वाजायच्या. मग मोठे दीर दारात येऊन उभे राहायचे आणि शक्य तितक्या सौम्यपणे विचारायचे, "आत्ता मशीन चालू केलंस का?" मशीन तेव्हा त्यांच्या समोरच घरघरत असायचं.

घर दोन भावांचं होतं. खाली ती आणि तिचा नवरा, वर थोरले भाऊजी आणि जाऊबाई. विजेचा मीटर मात्र एकच, जिन्याखाली. पुढच्या खोलीत ती शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे शिवायची. आजूबाजूचे तिला टेलरबाई म्हणत आणि भाऊजींना कानसेन. निवृत्त झाल्यावर भाऊजींनी ते नाव भलतंच मनावर घेतलं. विमा कचेरीत जन्मभर लोकांचे दावे तपासलेला माणूस तो. आता ॲम्प्लिफायर, तबकड्यांचा प्लेअर आणि छातीएवढ्या उंचीचे दोन स्पीकर आणून आवाजातल्या चुका तपासायला बसला.

चुका दोन सापडल्या. तबकडीवरची बासरी सुरू होण्याआधी स्पीकरमधून बारीक गुणगुण यायची आणि मध्येच केव्हातरी चरचर व्हायची. सगळा दोष विजेचा, असं भाऊजींनी ठरवलं, आणि वीज नासवणारी खालची मोटर, हेही ओघानेच ठरलं.

आधी स्टॅबिलायझर आला. त्याचीच टकटक स्पीकरपेक्षा मोठी निघाली. मग दोन माणसांनी दम खात वर चढवलेला एक लोखंडी ठोकळा आला. तो ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यातून वीज गाळून येते, असं दुकानदाराने सांगितलं होतं. पण बटण दाबताच तो एका दमात इतकी वीज ओढायचा की मेन स्विचच पडायचा. खाली दिवा जायचा, इस्त्री गार पडायची, आणि अर्धवट बसलेली कॉलर हातात धरून ती तशीच बसून राहायची. तिने तक्रार केली तेव्हा भाऊजींनी समजूतदारपणे एक सोय काढली. बटण दाबण्याआधी ते वरून "लावतोय हं" असं सांगू लागले. म्हणजे आता अंधार सांगून यायचा.

नवऱ्याला सांगावं, तर तो म्हणायचा, "मोठा आहे तो, जाऊ दे." कुठे जाऊ द्यायचं, ते मात्र सांगायचा नाही.

त्यानंतर बॅटरी आणि इन्व्हर्टर. बाहेरच्या विजेशी संबंधच नको, असं भाऊजींचं म्हणणं. बॅटरीचा वास वर सहन होईना, म्हणून तिची जागा खाली, गणवेशाच्या गठ्ठ्यांशेजारी. इतकं करून स्पीकरमध्ये गांधीलमाशी शिरल्यासारखा आवाज येऊ लागला. भाऊजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ते दोन दिवस तिचं काम झकास झालं.

शेवटी इलेक्ट्रिशियन आला. मीटरपासून थेट वरच्या खोलीपर्यंत जाड, स्वतंत्र वायर न्यायची, त्यावर दुसरं काही जोडायचं नाही, असा बेत ठरला. वायरची वाट तिच्या खोलीतून जात होती. ती बाजारातून परतली तेव्हा भिंतीला भोक पडलं होतं आणि दुसऱ्या दिवशी द्यायचे पांढरे शर्ट विटकरी झाले होते. इलेक्ट्रिशियनने गुमान ड्रिल बंद केलं. भाऊजी म्हणाले, "झटकलं की जाईल."

ती शर्ट न झटकता खुर्चीवर बसली.

"भाऊजी, तुम्हाला वेगळी लाइन हवी ना? त्यापेक्षा मीच वेगळी होते."

जिन्यात उभ्या असलेल्या जाऊबाईंचा चेहरा पडला. नवरा आतून धावत आला. एवढ्यावरून घर मोडायचं का, असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. तिला आधी कळेचना, की हे सगळे असे का बघताहेत. कळलं तेव्हा ती आणखीच वैतागली.

"अहो, चूल नाही वेगळी करत. मीटर! माझ्या कामाचा वेगळा मीटर घेते. मग तुमच्या विजेत माझं पाऊलसुद्धा पडणार नाही."

वीज कंपनीत खेटे घालून तिने तो मीटर आणला. चरचर थांबली. गुणगुण थांबली नाही.

एका संध्याकाळी भाऊजी पुन्हा दारात. चालू केलंस का? ती जेवत होती आणि मशीनवर कापड टाकलेलं होतं. तिने हात धुतला आणि त्यांच्या आधी जिना चढून वर गेली. एवढ्या महिन्यांत "ये, ऐकून तर बघ" असं तिला कुणी म्हटलं नव्हतं आणि तीही कधी गेली नव्हती. ती स्पीकरसमोर बसली. गुणगुण खरंच होती. तबकडीचं कागदी पाकीट वाऱ्याने उडालं, म्हणून जाऊबाईंनी पंखा बंद केला, आणि खोली एकदम शांत झाली.

जाऊबाईंनी पंखा पुन्हा दोनवर ठेवला. गुणगुण परत आली. पाचवर नेला, गेली. तीनवर आणला, आली.

"रेग्युलेटर," जाऊबाई म्हणाल्या. "आपलाच."

भाऊजींनी ते बटण स्वतः एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाले, "चरचर मात्र तुझ्या मशीनचीच होती."

ते खरं होतं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. एवढं म्हणून झाल्यावर तरी माणूस काही पुढे बोलेल, म्हणून ती थोडी थांबली. मग खाली जाऊन उरलेलं जेवली.

भाऊजी आता पंखा बंद करून, घाम पुसत बासरी ऐकतात. कुठला रेग्युलेटर आणावा, याचा निर्णय अजून व्हायचा आहे. आठवड्याभराने ते पुन्हा खाली आले. मशीन चालू होतं. तिने पाय उचलला नाही.

प्लेअरवर धूळ बसते, त्याला एक कव्हर शिवून हवं होतं. सुती घ्यावं की मखमली, अस्तर लावावं की नको, यावर त्यांनी बराच विचार केला होता आणि ते तो सगळा सांगू लागले.

"कापड मी ठरवणार," ती म्हणाली. "चालत असेल तर माप सांगा."

त्यांनी माप सांगितलं.