बायकोच्या दुखण्याचं भाषण

बायकोचा आजार डॉक्टरला मीच सांगायचो. आमच्या उमरखेडकडची रीतच तशी. दुखणं बाईचं, सांगणं नवऱ्याचं. ती स्टुलावर खाली मान घालून बसायची आणि मी तिच्या वतीनं भाषण ठोकायचो. त्यातून मी मास्तर. अर्धा प्रश्न ऐकून पूर्ण उत्तर देणारा.

मी सांगितलं, आंघोळ करत नाही, गॅस पेटवत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते. म्हणजे मी उपाशी राहिलो ते दिवस सगळे तपशीलवार सांगितले. दुसरे दिवस सांगितलेच नाहीत. गल्लीभराच्या कुरड्या एकटीनं घालणारी, चार-चार रात्री न झोपता ब्लाउज शिवणारी, जरीच्या साड्या वाटून टाकणारी बायको म्हणजे काय आजार असतो? तिचं उदाहरण तर मी शाळेत इतर मास्तरांना द्यायचो.

उदासीच्या गोळ्या मिळाल्या. पंधरा दिवसांत ती उठली, गाऊ लागली, झोप पार उडाली. औषध लागू पडलं म्हणून मी पेढे वाटले. तोवर तिनं बसस्टँडवर जाऊन उभ्या गाडीतले तेरा लोक जेवायला घरी आणले. पत्रावळी वाढता वाढता मी त्यांना सांगत होतो, हिचा स्वभावच दिलदार.

मग ती अशी खचली, की विहिरीच्या काठावरून शेजारणींनी धरून आणली.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नाव विचारलं. मी सांगितलं.

"भाऊ, तुम्ही बाहेर बसा."

पाऊण तास बाकावर बसलो. आत बोलावलं तेव्हा बाई म्हणाल्या, पहिल्या बाळंतपणापासूनचं आहे हे. ते पडून राहणं आणि ती धावपळ, दोन्ही एकाच आजाराचं. बायपोलर. सोळा वर्षांत हे कुणाला कसं सांगितलं नाही, असं त्यांनी तिला विचारलं.

"मले कोनी इचारलंच नाही," ती म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आता गोळ्या बदलल्यात, ती पुष्कळ बरी आहे. मी मात्र हुशार झालोय. परवा शेजारणीशी बोलताना ती मोठ्यानं हसली. मी लगेच जाऊन विचारलं, रात्री झोप झाली ना, गोळी घेतली ना.

शेजारीण उठून गेली.

"साधीच हसून राह्यली होती जी मी," ती म्हणाली.

तेव्हापासून मी घरात असलो की ती हसत नाही. मी बाहेर पडलो की दोघींचा आवाज फाटकापर्यंत येतो.