मोनिकाने टाकलेली कार्डं

कलेट स्वॉरब्रिकला देवाकडे मागायचं असेल तर ती झोप मागेल. अकरा वर्षं ती इंग्लंडमधल्या प्रेस्टनच्या एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना उठवते, आंघोळ घालते, भरवते. महिन्यातले तीन रविवार ड्यूटी, एक सुट्टी. नवरा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. चर्चचा विषय निघाला की तो म्हणतो, "ते तुमचं खातं, मला त्यात घेऊ नका."

त्या खात्यातलं मोठं काम म्हणजे मुलीची, विनीची, शाळा. कलेट कॅथलिक हायस्कूलात शिकली, तिची आई मोनिकाही तिथेच, आणि विनी तिथेच जाणार हे तिच्या बाप्तिस्म्याच्या दिवशीच ठरलं होतं. पण आता जागांच्या दुप्पट अर्ज येतात. म्हणून शाळेची अट अशी की मूल आईबापापैकी एकासोबत दर रविवारी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला येतं, हे फादरने लिहून द्यायचं. फादर ऑस्टिन तीन चर्चं सांभाळतात, मिस्सा संपला की पुढच्या गावाला पळतात; त्यांना चेहरे कुठून आठवणार? तेव्हा कार्डं निघाली. कुटुंबाचं नाव, तारीख, आईची नाहीतर बापाची सही, आणि कार्ड दानाच्या टोपलीत. अर्जाआधी दोन वर्षं चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते, अर्ज गेले की बाकं ओस. देवाला हे कळत नसेल असं नाही, पण तोही आता सवयीने गप्प बसत असावा.

विनीला दर रविवारी आजी, मोनिका, नेत होती. कलेट सुट्टीच्या रविवारी जायची, अर्धी पेंगत, आणि त्या दिवशीचं कार्ड टाकायची. बाकीच्या रविवारांचं काय ते फादरना समजावून सांगू, असं तिने ठरवलं होतं.

ऑक्टोबरातल्या एका दुपारी ड्यूटी संपवून, विनीला शाळेतून घेऊन, ती अर्जावर सही घ्यायला गेली. फादरनी रबरबँड लावलेला गठ्ठा टेबलावर ठेवला.

"कमाल आहे तुझी, कलेट! दोन वर्षांत एकही रविवार चुकला नाही?"

कलेटने वरचं कार्ड पाहिलं. सही तिच्या नावाची होती, पण तिने केलेली नव्हती. रेघ थरथरलेली. असा हात घरात एकाच बाईचा. विनी मान खाली घालून बसली होती. तिला सगळं ठाऊक होतं.

फादरनी पेनाचं टोपण काढलं. कलेटला आईचा राग आला आणि भरूनही आलं. नुसतं गप्प बसायचं होतं. तेवढ्यावर काम झालं असतं, विनी तिच्या लाडक्या मैत्रिणीबरोबर, ब्रॉनाबरोबर, त्या शाळेत गेली असती, आणि कलेट घरी जाऊन आडवी झाली असती. पण विनीने मान वर केली. आई आता काय करते, एवढंच ती बघत होती. चोरून खाल्लेल्या केकबद्दल खोटं बोलली म्हणून मागच्याच शनिवारी कलेटने तिला पापनिवेदनाला पाठवलं होतं.

"थांबा फादर," कलेट म्हणाली. "ही सगळी माझी नाहीत. मी महिन्यातून एकदा येते. बाकीचे रविवार विनी आजीबरोबर असते."

फादरनी गठ्ठा बाजूला सारला. "हे तू मला सांगायला नको होतंस गं."

"माहितेय."

"ड्यूटी असते असं लिहायला इथे जागाच नाही. दर आठवड्याला, महिन्याला, किंवा कधीतरी. मी काय करू, सांग."

"खरं आहे ते लिहा."

त्यांनी महिन्याच्या चौकोनात खूण केली.

घरी हे कळल्यावर मोनिका चवताळली. "जीभ चावून बसली असतीस तर काय आभाळ कोसळलं असतं? दोन वर्षं मी पाप केलं, सगळं पाण्यात घातलंस!"

"आई, चहा घेतेस का?" कलेट म्हणाली. भांडायला अंगात त्राण नव्हतं.

मार्चमध्ये शाळेचं पत्र आलं. जागा नाही. सप्टेंबरात विनी दोन बस बदलून दुसऱ्या शाळेत जायला लागली. ब्रॉनाचे फोन हळूहळू कमी झाले. विनी रडली नाही, तक्रार केली नाही, पण आईशी कामापुरतंच बोलायची. आपण बरोबर केलं का, हे कलेटने स्वतःला रोज विचारलं. उत्तर रोज वेगळं यायचं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी ती कामावरून आली आणि कोट न काढताच सोफ्यावर बसली. विनी आजीबरोबर मिस्साला जाऊन आली होती. आता तिला कोणी जा म्हणत नव्हतं.

"अजून रागावली आहेस माझ्यावर?" कलेटने डोळे मिटूनच विचारलं.

"हो," विनी म्हणाली. मग खाली बसून तिने आईच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. "पाय वर घे."